शिक्षणाचे गुणात्मक संशोधन : आपल्या तरुणांपुढील एक वाट

(संस्थेच्या अमृतमहोत्सवानिमित्त बडोदे येथे दिलेले व्याख्यान)



संस्थेच्या अमृतमहोत्सवात चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे. मी काही वक्ती नव्हे. शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना शिकविण्यात माझे सारे आयुष्य गेले, आणि सभेपुढे उभे राहण्यापेक्षा वर्गात उभे राहणे मला अजूनही सोपे वाटते. तेव्हा बोलण्यात कुठे मास्तरकी डोकावली, तर आपण ती गोड मानून घ्यावी.

व्याख्यानाचा विषय कळविला तेव्हा आपल्या चिटणीसांनी मला विचारले, "बाई, गुणात्मक संशोधन म्हणजे परीक्षेतल्या गुणांचे संशोधन का?" मला हसू आले, पण मागाहून वाटले की यात त्यांची काही चूक नाही. 'गुण' या शब्दाचा दुसरा अर्थ आपण पालक आणि संस्थाचालक जवळजवळ विसरूनच गेलो आहोत. येथे गुण म्हणजे टक्के नव्हेत. एखादी गोष्ट किती आहे हे सांगणे निराळे आणि ती कशी आहे हे सांगणे निराळे. शाळेत किती मुले आली, किती उत्तीर्ण झाली, किती गळाली, हे मोजणारे ते संख्यात्मक संशोधन. वर्गात मूल काय बोलते, कशाने गप्प होते, बाई काय म्हणतात, आई घरी काय म्हणते, आणि या साऱ्यांतून ते मूल शिकते कसे किंवा शिकावयाचे थांबते कसे, हे जवळ बसून, पाहून, ऐकून आणि लिहून समजून घेणारे ते गुणात्मक संशोधन.

दोन्ही हवीत. डॉक्टर ताप मोजतात आणि रोग्याशी बोलतातही. पण आपल्याकडे ताप मोजण्याचीच सवय फार झाली आहे.

आता माझीच एक गोष्ट सांगते. ती मला भूषणावह नाही, पण आजच्या विषयाचे मर्म तिच्यात आहे.

एम.एड.च्या वर्षी मी लघुप्रबंधासाठी विषय घेतला होता : या शहरातील एका मराठी शाळेतून पालक मुलांचे दाखले का काढून नेतात? प्रश्नावली छापून घेतली. तीत सहा कारणे दिली होती. पालकांनी त्यांपैकी एकावर खूण करावयाची. घरोघर हिंडून कागद भरून घेतले. एका घरी एका आईने 'इंग्रजीची आवश्यकता' या कारणावर खूण केली. मी कागद पिशवीत घातला. तेवढ्यात चहा आला. चहा घेता घेता ती बाई म्हणाली, "इंग्रजीचं तर आहेच हो ताई. पण खरं सांगू का? आमचा मुलगा वर्गात म्हणाला, 'बाई, बारी बंद करू का?' सगळी मुलं हसली. बाईपण हसल्या. त्या दिवसापासून तो वर्गात तोंडच उघडीना. मग म्हटलं, राहू दे ती शाळा."

बारी म्हणजे खिडकी, हे या सभागृहात कोणाला सांगावयास नको. खिडकीला बारी आणि भाजीला शाक म्हणणारी मराठी घरे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. त्या मुलाने काही चुकीचे म्हटले नव्हते. तो आपल्या आईची भाषा बोलला होता.

आणि मी काय केले? चहा संपविला, आभार मानले आणि पुढच्या घराची वाट धरली. माझ्या प्रश्नावलीत त्या उत्तराला रकाना नव्हता. लघुप्रबंधात ती आई 'इंग्रजीची आवश्यकता' या टक्केवारीत जमा झाली. मला पदवी मिळाली. पुढे कितीतरी वर्षे मी भावी शिक्षकांना "शुद्ध बोला, शुद्ध बोलावयास लावा" असे बजावीत राहिले. त्या शाळेतील बाईंच्या जागी मी असते तर मीही हसले असते, हे आज कबूल केले पाहिजे.

माझ्या हातून जे निसटले, ते परदेशातील एका विद्यार्थ्याने घट्ट धरून ठेवले होते, हे मला फार उशिरा कळले. अमेरिकेत सेंट लुइस नावाचे शहर आहे. तेथील वॉशिंग्टन विद्यापीठात रे रिस्ट हा तरुण समाजशास्त्रात डॉक्टरेटचा अभ्यास करीत होता. १९६७ साली तो एका बालवर्गात जाऊन बसू लागला. शाळेतील मुले कृष्णवर्णीय, शिक्षकही कृष्णवर्णीय. आठवड्यातून दोनदा जावयाचे, दीड तास बसावयाचे आणि जे दिसेल ते लिहावयाचे, एवढाच त्याचा उद्योग. शाळा सुरू झाल्यावर आठव्या दिवशी बाईंनी मुलांना तीन टेबलांवर कायमच्या जागा नेमून दिल्या. कसलीही परीक्षा घेतली नव्हती. पण रिस्टच्या टिपणांत दिसून आले की फळ्याजवळच्या पहिल्या टेबलावर नीटनेटक्या कपड्यांची, शाळेला मान्य असलेले इंग्रजी बोलणारी मुले आली. आणि गरीब घरची, मोहल्ल्यातील बोली बोलणारी, संकोची मुले दुसऱ्या-तिसऱ्या टेबलावर गेली. बाई बोलत ते पहिल्या टेबलाशी. बाकीच्यांना फळाही धड दिसत नसे.

तो तेथेच थांबला नाही. मुले पहिलीत गेली. पहिल्या टेबलाची मुलेच पुन्हा पुढच्या टेबलावर बसली आणि मागच्या दोन टेबलांवरील एकही मूल तेथे पोहोचले नाही. दुसरीत तर गटांना नावे पडली : वाघ, कार्डिनल पक्षी आणि विदूषक. आता मात्र गटांना गुणपत्रिकेचा आधार होता! आठव्या दिवशी केवळ दिसण्या-बोलण्यावरून जे ठरले, ते दोन वर्षांनी 'मुलाची कुवत' म्हणून कागदावर आले होते. १९७० साली रिस्टने हा अभ्यास हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू या त्रैमासिकात प्रसिद्ध केला आणि तो जगभर वाचला गेला. एका विद्यार्थ्याच्या टिपणवहीने हे दाखविले. गुणपत्रिकांची कितीही बेरीज केली असती, तरी तो आठवा दिवस सापडला नसता.

असे काम आपल्या देशात झाले नाही काय? झाले आहे, आणि तेही विद्यार्थिदशेत सुरू झालेले. मीनाक्षी थापन यांनी आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली शाळेत राहून तेथील जीवनाचा अभ्यास केला; तो १९९१ साली 'लाइफ अ‍ॅट स्कूल' या नावाने ग्रंथरूपाने आला. कृष्णमूर्तींच्या विचारांवर उभी असलेली शाळा प्रत्यक्षात रोज कशी चालते, ध्येय आणि वेळापत्रक यांची सांगड शिक्षक कशी घालतात, हे त्यात आहे. पद्मा सारंगपाणी यांनी दिल्ली विद्यापीठातील पीएच.डी.साठी दिल्लीजवळच्या एका खेड्यातील सरकारी प्राथमिक शाळा निवडली. पोरांच्या बरोबरीने त्या वर्गात बसल्या. मास्तरांचा अधिकार, मुलांचे पाठांतर, 'येणे' आणि 'समजणे' यांत मुले स्वतः काय फरक करतात, हे त्यांनी टिपले. २००३ साली त्यांचा ग्रंथ निघाला. गावाचे खरे नाव त्यांनी दिलेले नाही. ही या संशोधनाची नीती आहे : ज्यांनी आपल्याला घरात घेतले, त्यांना उघडे पाडावयाचे नाही.

आपल्या मराठी शाळांकडेही अभ्यासक वळले आहेत. व्हेरोनिक बेनेई या फ्रेंच मानवशास्त्रज्ञ बाईंनी कोल्हापूरच्या प्राथमिक शाळांत बसून परिपाठ, प्रार्थना, शिवाजीमहाराजांच्या गोष्टी आणि मातृभाषेविषयीचे प्रेम मुलांच्या मनात कसे रुजते ते पाहिले. त्यांचे पुस्तक २००८ साली प्रसिद्ध झाले. फ्रान्सहून येऊन एक बाई कोल्हापूरच्या वर्गात बसते, मग बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव येथील मराठी मुलांच्या शेजारी जाऊन बसणारी मुलगी आपल्याच घरातून का निघू नये, असा प्रश्न मला पडतो.

आणि बडोद्याने तर हा प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व राज्याला लागू केला. १९४९ साली त्यांच्या नावाचे विद्यापीठ येथे उभे राहिले. याच विद्यापीठाच्या शिक्षणविषयक प्रगत अध्ययन केंद्रातून प्राध्यापक म. ब. बुच यांच्या संपादनाखाली भारतातील शैक्षणिक संशोधनाचा पहिला समग्र आढावा १९७४ साली निघाला. देशभरातील प्रबंधांची मोजदाद आपल्या गावाने केली. सक्तीने मूल शाळेच्या दारापर्यंत आणता येते, हे महाराजांनी दाखवून दिले. दाराच्या आत त्याचे काय होते, हे पाहण्याचे काम पुढच्या पिढ्यांचे होते, आणि ते अजून पुष्कळ बाकी आहे.

गुजरात आणि महाराष्ट्र यांना जोडणारे एक उदाहरणही आपल्यापुढे आहे. ताराबाई मोडक राजकोटची प्राचार्यपदाची नोकरी सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे बालशिक्षणाचे काम करावयास गेल्या. पुढे त्या आणि अनुताई वाघ ठाणे जिल्ह्यात बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांत राहिल्या. मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसले. "यांना शिक्षणाची गोडी नाही" असा निष्कर्ष काढून त्यांना परत जाता आले असते. त्याऐवजी त्या मुलांच्या पाड्यावर गेल्या, मुले दिवसभर काय करतात ते पाहिले आणि बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. त्यांनी पीएच.डी. केली नव्हती, पण पाहण्याची ही रीत म्हणजेच आजच्या आपल्या विषयाचा प्राण होय.

आता पालकांच्या मनातील प्रश्नाकडे वळते. "हे सगळे ठीक, पण पोटापाण्याचे काय?" प्रश्न रास्त आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेत 'शिक्षण' हा स्वतंत्र विषय आहे. तीत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास, जानेवारी २०२३ पासूनच्या दराप्रमाणे, पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे निराळे. जून २०२४ पासून याच परीक्षेचे गुण पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही धरले जाऊ लागले आहेत. २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी घेतलेल्या विद्यार्थ्याला पीएच.डी.चा मार्ग थेट मोकळा झाला आहे. मुलींच्या आईवडिलांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : याच नियमांत संशोधक स्त्रियांना बाळंतपण व संगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा देता येते आणि प्रबंध पुरा करण्याच्या मुदतीतही दोन वर्षांची सवलत आहे. लग्न झाले म्हणजे अभ्यास संपला, असे समजण्याचे आता कारण उरलेले नाही.

शिकावयाचे कोठे? आपले विद्यापीठ तर दाराशीच आहे. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, तेथीलच होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, दिल्ली विद्यापीठाचा शिक्षण विभाग या ठिकाणी वर्गात बसून केलेल्या संशोधनाची परंपरा आहे. डॉक्टरेट चालू असता काही महिने अमेरिकेतील विद्यापीठात काम करावयाचे असेल, तर फुलब्राइट-नेहरू अधिछात्रवृत्ती आहे. अमेरिकन एज्युकेशनल रिसर्च असोसिएशनमध्ये गुणात्मक संशोधनाचा एक स्वतंत्र गट असून, तो उत्कृष्ट प्रबंधाला पारितोषिक देतो. इलिनॉय विद्यापीठात २००५ पासून गुणात्मक संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद भरू लागली आणि तिनेही विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचा गौरव केला आहे. सांगावयाचे एवढेच, की ही वाट आडरानातील राहिलेली नाही.

आणि एक संधी तर फुकट आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने 'शोधगंगा' नावाचे भांडार उभारले आहे. देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध तेथे कोणालाही घरबसल्या वाचता येतात. या दिशेने जावयाचे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी प्रथम तेथील दोन-चार प्रबंध वाचावेत. चांगला कोणता आणि केवळ पदवीसाठी लिहिलेला कोणता, हे त्यांचे त्यांनाच कळू लागेल.

परंतु हे काम सोपे आहे, असे सांगून मी कोणाला भुलविणार नाही. एक तासाची मुलाखत शब्दशः कागदावर उतरवावयास चार-पाच तास सहज लागतात. वर्षभर शाळेत जावे लागते; पहिले काही आठवडे सगळे आपल्याला तपासनीस समजतात आणि खरे कोणी बोलत नाही. मुलांची, पालकांची, शिक्षकांची परवानगी घ्यावी लागते आणि ती मनापासूनची असावी लागते. सर्वांत कठीण म्हणजे स्वतःचे आधीचे मत बाजूला ठेवून पाहावे लागते. जे आपल्याला आवडले तेवढेच टिपले, तर ते संशोधन नव्हे, वकिली होय. म्हणून चांगला संशोधक एकच गोष्ट तीन बाजूंनी पडताळून पाहतो : वर्गात काय दिसले, माणसे काय म्हणाली आणि कागदपत्रे काय सांगतात.

कोणी म्हणेल, "एका शाळेवरून सगळ्या शाळांचे अनुमान कसे काढणार? शितावरून भाताची परीक्षा होते, पण मुले म्हणजे काही शिते नव्हेत." अगदी खरे. रिस्टने एकच शाळा पाहिली; सगळे शिक्षक असेच वागतात, असा तिचा अर्थ करणे चूक ठरेल. पण खाली जाळ कसा लागतो, भात करपतो कोठून, हे एका पातेल्याजवळ नीट बसूनही कळते. ते कळल्यावर इतर पातेल्यांत काय आहे, हे पाहावयास आपल्याला डोळे मिळतात.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येते आणि आपली रजा घेते.

आपल्या संस्थेने पंचाहत्तर वर्षांत असंख्य मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या. त्या पैशावर डॉक्टर झाले, एंजिनियर झाले, हिशेबतपासनीस झाले. त्यांतले कित्येक आज समोर बसले आहेत. याचा मला अभिमान आहे. पण शिक्षणाच्या संशोधनासाठी आपण अद्याप एकही शिष्यवृत्ती दिलेली नाही. इकडे दर वार्षिक सभेत आपल्या बालवर्गाच्या पटावरची संख्या वाचली जाते, ती गेल्या सालापेक्षा कमी असते, सभा हळहळते, कोणी म्हणते वर्ग बंद करावा, कोणी म्हणते इंग्रजी माध्यम करावे, आणि चर्चा पुढच्या सभेवर जाते. मुले का जातात, हे आपण एकदाही कोणाला नीट विचारलेले नाही. जे मी तरुणपणी केले, तेच आपण संस्था म्हणून करीत आहो : कागद भरतो आणि चहा संपवून उठतो.

माझी विनंती अशी आहे, की महोत्सवाच्या निधीतून एक अधिछात्रवृत्ती ठेवावी. शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला, जातपात वा नातेगोते न पाहता, तीन वर्षे ती मिळावी. सरकारी अधिछात्रवृत्ती ज्यांना थोडक्यात हुकते, त्यांचा विचार आधी व्हावा. विषय एकच असावा : महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतील मूल शाळेत कसे शिकते.

तीन अटी मात्र आपण स्वतःवर घालून घ्याव्यात. पहिली : निष्कर्ष आपल्याला अप्रिय असले, तरी ते दडपावयाचे नाहीत. दुसरी : कोणत्या मुलाने वा कोणत्या बाईने काय सांगितले, हे विश्वस्तांनीही विचारावयाचे नाही. तिसरी : प्रबंध इंग्रजीत झाला, तरी त्याचा मराठी गोषवारा ज्या घरांनी वेळ दिला, त्या प्रत्येक घरी पोहोचवावयाचा. आईने चहाबरोबर जे सांगितले, ते परत तिच्या हाती गेले पाहिजे.

यातून आपला बालवर्ग वाचेल, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. कदाचित संशोधक सांगेल की तो बंद करणेच योग्य. पण बंद करावयाचाच असेल, तर तो समजून उमजून बंद करू.

त्या आईचे घर मला आता सापडावयाचे नाही. तो मुलगा आज कुठेतरी मोठा गृहस्थ झाला असेल. खिडकीला काय म्हणत असेल कोण जाणे. त्याला वर्गात पुन्हा बोलते करण्याची संधी आम्ही घालविली. आज आपल्या बालवर्गात जी मुले बसली आहेत, त्यांतील एखादे आत्ताच गप्प झालेले असेल. त्याच्या शेजारच्या बाकावर टिपणवही घेऊन बसणारी एक मुलगी आपण पाठवू या.